बापाच्या डाव्या हातची यादी

माझं अक्षर चांगलं आहे, हे मी स्वतःहून कधी सांगत नाही. लोकांच्या ते आपोआप लक्षात येईल एवढी व्यवस्था फक्त करतो. सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात जिन्यापासून पिण्याच्या पाण्यापर्यंत जिथे म्हणून सूचना लावता येते तिथे माझ्या हातची सूचना आहे. त्यातली 'कृपया नळ नीट बंद करावा' ही तर इतकी सुरेख उतरली आहे की लोक ती वाचत उभे राहतात आणि नळ तसाच वाहत राहतो.

त्यामुळे आमच्या एकुलत्या एक मुलीचं, अंकिताचं, लग्न ठरत आलं आणि मुलाकडची मंडळी याद्या करायला येणार असं नक्की झालं, तेव्हा दारावर बाजारातलं छापील 'सुस्वागतम्' लावणं मला शक्यच नव्हतं. शेजारच्या इमामसाबांकडून स्टूल आणलं, ब्रश घेऊन वर चढलो आणि 'सुस्वा'पर्यंत छान आलो. पुढचं अक्षर थोडं उजवीकडे होतं. मी उजवीकडे गेलो, स्टूल होतं तिथेच राहिलं. उजवं मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर घातलं आणि 'हात अजिबात हलवू नये' असं त्यांच्या त्या भयंकर अक्षरात लिहून दिलं. मला हाडापेक्षा त्या अक्षराचाच त्रास जास्त झाला.

त्याच संध्याकाळी गुरुबसप्पा मामांचा फोन आला. नवरा मुलगा अमरेश बार्शीला शाळेत शिक्षक आहे. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले, तेव्हापासून त्याला वाढवलं ते या मामांनी. अक्कलकोटला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि आवाज दुकानात मावत नाही एवढा.

"राजशेखर पावणं, एक सांगायचं ऱ्हायलं," मामा म्हणाले. "आमच्यात यादी पोरीच्या बापाच्या हातची लागती. दुसऱ्या कुणी लिवल्याली चालत न्हाय. ते बी शाईनं. समद्यांच्या म्होरं बसून लिवायची."

आता यादी म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दोन्ही घरची वडीलधारी माणसं सतरंजीवर बसतात, लग्नात कुणी काय करायचं, कुणाला काय द्यायचं हे एकजण कागदावर लिहितो, खाली दोघांच्या सह्या होतात आणि मग पानं वाढतात. नात्यागोत्यातल्या कितीतरी याद्या मीच लिहिल्या होत्या. लोक सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. काय लिहितोय याकडे माझं लक्ष कमी असायचं, वेलांट्यांकडे जास्त.

इथे कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, 'मामा, माझा हात मोडलाय.' पण मला समोरच्याला नाही म्हणता येत नाही. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांना हे बरोबर कळतं. आमच्या माळ्यावर पोटाचा घेर कमी करायची यंत्रं आहेत, आणि वर चढून ती काढायला जागा नाही म्हणून कुणाचाच घेर कमी झालेला नाही. मी फोनवर म्हणालो, "हो मामा, तसंच करू."

अंकिता दारात उभी राहून ऐकत होती.

"बाबा, ते लिहायला लावतील," ती म्हणाली. "फ्रीज, कपाट, सोफा, मामांच्या मेहुण्यांना पोशाख. तुम्ही हो हो करत लिहाल. माझं आत्ताच सांगून ठेवते. यादीत हळदकुंकू आणि नारळ एवढंच येईल. वस्तूचं नाव आलं की मी तिथून उठणार. अमरेशलाही सांगितलंय, त्यालाही पटलंय."

"मग तोच मामांना सांगेल की."

"त्याने मामांसमोर आजवर तोंड उघडलेलं नाही. तुमच्यासारखाच आहे तो."

अंकिता म्हणते ते करते. लहानपणी एकदा शिक्षक खोटं बोलले म्हणून गॅदरिंगमधून मधल्याच प्रवेशात निघून आली होती, डोक्यावर झाशीच्या राणीचा फेटा तसाच ठेवून. आणि मुलगा तर आम्हाला सगळ्यांना आवडला होता. तिला इतका आवडला होता की त्याचं नाव घेताना ती आवाज उगाच रुक्ष करायची. ती उठली असती, मंडळी गेल्यावर मुकाट जेवली असती आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं असतं. त्या बंद दारापुढे मी उभा आहे असं मला दिसायला लागलं आणि भीती वाटली.

तर, एकीकडे मामा, एकीकडे मुलगी, आणि मध्ये माझा डावा हात.

या हाताने आजवर काय केलं याचा मी कधी विचारच केला नव्हता. कागद धरला, पिशवी धरली, बसचा दांडा धरला. सगळी धरण्याचीच कामं. करायचं ते उजव्याने आणि तोवर धरून ठेवायचं ते याने. दुपारी जेवण झालं की दुखण्याची गोळी घेऊन मी खिडकीशी बसायचो. मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू असायचे, त्यांचा खटखट आवाज एका लयीत येत राहायचा, पडदा उन्हाने पिवळा झालेला असायचा आणि गोळी हळूहळू डोक्यात उतरायची. अशा वेळी मी डाव्या हातात पेन देऊन त्याला 'श्री' काढायला सांगायचो.

तो काढायचा, पण त्याच्या मनासारखी. वेलांटी वर जायची आणि परत यायचं विसरायची. 'क' काढला तर तो नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसायचा, आपल्याला कुठे जायचं होतं ते न आठवणारा. 'ळ' घरंगळत ओळीच्या टोकाला जाऊन बसायचा. मला राग यायला हवा होता. पण त्या पिवळ्या उजेडात ती वेडीवाकडी मंडळी कागदावर एकेक येताना बघून मला गंमतच वाटायची. उजव्या हाताची अक्षरं कशी लिहून झाली हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ती थेट लिहून झालेलीच असायची. इथे मात्र 'अ' कुठून निघतो, कुठे थबकतो, पोट कसं भरून घेतो, हे सगळं दिसत होतं. एक ओळ होईपर्यंत ऊन भिंतीवरून जमिनीवर आलेलं असायचं. कधी कधी मी लिहितालिहिता डोळे मिटायचो आणि जागा झाल्यावर बघायचो तर ओळ अर्धी वीत पुढे गेलेली असायची. ती कुणी लिहिली हे देव जाणे, पण बाकीच्यापेक्षा बरी असायची.

"ते लाईटचं बिल आहे," बायको म्हणायची. "त्याच्यावर नका गिरवू."

सल्ले सुरू झाले ते इमामसाबांपासून. हे एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत आणि स्टुलाचे मालक म्हणून त्यांना या प्रकरणात आपली जबाबदारी वाटत होती. डावा हात डावीकडून उजवीकडे लिहीत गेला की तळवा ओल्या शाईवरून जातो आणि सगळं पुसतं, हे त्यांनी माझा निळा तळवा बघून ओळखलं.

"राजूभाई, हमारी उर्दू लिखो," ते गंभीरपणे म्हणाले. "उधर से इधर आती. हात एकदम साफ रहता."

"आणि मामा?"

"मामा को कौनसा पढना है? उनको तो बोलना है."

त्यांच्या बायकोचं, जुलेखाभाभींचं, मत वेगळं होतं. डाव्या हाताला आधी घरातली छोटी कामं द्यावीत, म्हणजे त्याची भीड चेपेल. पटलं. मी डाव्या हाताने दात घासायला लागलो, त्यात मिशी नीट घासली गेली. डाव्या हाताने दाढी केल्यावर गालावर दोन चिकटपट्ट्या आल्या. डाव्या हाताने भांग पाडला तो उलट्या बाजूला पडला, आणि गालावर चिकटपट्ट्या, गळ्यात हात अशा अवस्थेत ऑफिसात गेलो तर इतकी वर्षं मला नमस्कार करणाऱ्या वॉचमनने कुणाला भेटायचं आहे असं विचारलं. मी माझंच नाव सांगितलं. तो म्हणाला, साहेब रजेवर आहेत.

मग बँक. आचाऱ्याला द्यायच्या चेकवर मी डाव्या हाताने सही केली. काउंटरवरच्या बाईंनी ती सही स्क्रीनवरच्या सहीशेजारी धरली आणि बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं.

"ही सही जुळत नाही."

"हात मोडलाय," मी प्लास्टर वर केलं.

"मग अंगठा द्या."

"मॅडम, मी पदवीधर आहे."

"पदवीधरांचा पण चालतो, काका. डाव्या हाताचा द्या. पुरुषांचा डावाच घेतात."

अंगठा माझाच आहे हे सांगायला साक्षीदार हवा होता. बाहेर स्कूटरवर बसलेल्या इमामसाबांना आत बोलावलं. त्यांनी माझ्या अंगठ्याकडे निरखून पाहिलं आणि "हां, यही है," असं इतक्या ठामपणे सांगितलं की मागे रांगेतल्या दोघांनीही मान हलवली. मी निळा अंगठा हवेत धरून बाकावर बसलो. ज्याच्या अक्षराकडे बघून लोक नळ विसरतात त्याने अंगठा द्यावा, हे मनाला लागलं होतं. पण पंख्याखाली बसल्याबसल्या एक विचारही येऊन गेला. सरकारला खात्री हवी असली की ते याच हाताकडे येतात. कधी काही न लिहिलेला हा हात त्यांना जास्त खरा वाटतो. मला त्याचा थोडा अभिमान वाटला आणि मी अंगठा उगाचच पुसला नाही.

याद्यांच्या दिवशी सकाळी मंडळी आली. दारावर 'सुस्वा' तसंच होतं, त्याखालून मामा आत आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, मागे अमरेश आणि त्याचा हात धरून मामांची आई मथुराबाई. मामांनी माझं प्लास्टर पाहिलं आणि ते थबकले.

"ह्ये काय? मंग यादी?"

"डाव्या हाताने लिहितो मामा. सराव केलाय."

शुभ कार्यात डावा हात. मामांनी आईकडे पाहिलं. मथुराबाई भिंतीला टेकून पाय लांब करत म्हणाल्या, "हात बापाचाच हाय न्हवं? मंग झालं की. बसा आता."

सतरंजी, पाट, कागदाच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू, शाईची दौत. अंकिता आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बसली नाही.

"खाडाखोड चालायची न्हाय," मामांनी बजावलं. "डाग बी न्हाय पडाय पायजे. पडला तर नवा कागूद. लगीन हाय, वाण्याचं बिल न्हवं. हं, लिवा. श्री."

मी 'श्री' काढली. आतून शेंगापोळीचा आणि तुपाचा वास येत होता. मामांनी घसा साफ केला आणि एका दमात सांगायला सुरुवात केली. हळदकुंकू, नारळ, नवऱ्याला पोशाख, फ्रीज, कपाट, सोफा, वऱ्हाडाला बस, मामा-मामींना मानाचा आहेर, मामींच्या भावाला फेटा. ते फेट्यापर्यंत पोचले तेव्हा मी 'श्री'च्या खाली वराच्या नावातल्या 'म' वर होतो.

"कुटवर आलं?"

"'अम' झालंय मामा. 'रेश' राहिलंय."

'रेश' करताना तळवा 'अम'वरून गेला. डाग. नवा कागद, नवं हळदकुंकू. मामांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी फेटा त्यांच्या लक्षात राहिला नाही. दुसऱ्या कागदावर वधूचं नाव आलं आणि 'अंकिता'वरचं टिंब वरच्या ओळीत गेलं. तिसऱ्यावर निबातून एक थेंब सुटला आणि कागदाच्या मधोमध गोल बसला. मामांच्या सांगण्यातून बस गेली, सोफा गेला, त्यांचा आवाज बसला.

आणि मी सांगतो, मला त्यातलं फारसं ऐकूच येत नव्हतं. सुरुवातीला घाम फुटला होता, पण मग दुपारच्या खिडकीतलं ते काहीतरी खोलीत उतरलं. माणसं जरा लांब गेली. मामांचा आवाज मागच्या गल्लीतल्या मागांसारखा येत राहिला, एका लयीत, कुणाला दुखवायच्या हेतूने नाही. कागद पांढरा होता आणि त्यावर निब हलकेच सरकत होतं. एखादं लहान मूल धरून न ठेवता चालायला लागावं तसा हात चालला होता. पडतोय, उठतोय. मला मधेच अंकिताची पहिली पाटी आठवली आणि मी किती वेळ थांबलो ते कळलं नाही.

"पावणं," मामा म्हणाले, "झोपला का काय?"

माझा मेहुणा आदिनाथ पहिल्यापासून चुळबूळ करत होता. तो हाडाचा कामसू माणूस. "दाजी, आणा इकडं," त्याने पेनाला हात घातला. "तुम्ही सांगा मामा, मी दोन मिनिटांत उतरवतो सगळं. सोफा, बस, फेटा, सगळं ध्यानात आहे माझ्या."

अंकिता चौकटीपासून सरळ झाली.

"हात काढा," मामा कडाडले. "बापानं धरल्याली लेखणी हाय ती. दुसऱ्याच्या हातची यादी आमच्यात चालत न्हाय म्हणून सांगितलं न्हवं?"

आदिनाथ आत निघून गेला. आतून झाऱ्याचा आवाज येत होता. आमच्याकडे सह्या झाल्याशिवाय पानं वाढत नाहीत. मुलाकडचे एक पाहुणे दुसऱ्यांदा पाणी प्यायला उठले. मामांनी टोपी काढून वारा घेतला आणि नवा कागद स्वतःच्या हाताने माझ्यापुढे ठेवला. बिनबापाच्या पोराची यादी आहे, मामा कमी पडला असं कुणी म्हणू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं हे मला तेव्हा लख्ख दिसलं, आणि त्यांची दयाही आली.

त्या शेवटच्या कागदाला काय झालं कोण जाणे. तळवा आपोआप ओळीच्या खाली राहिला. 'श्री' सरळ आली. अमरेश, अंकिता, दोघांची घराणी, गावं, डाग न पडता एकामागून एक उतरली. 'हळदकुंकू' लिहिलं. 'नारळ' तर असा गोल उतरला की माझ्या उजव्या हातालाही हेवा वाटावा. मला आनंदाने काहीतरी बोलावंसं वाटलं.

"हं. चाललं की आता," मामा पुढे झुकले. "बाकीचं ऱ्हाऊ द्या. फिरीज तेवढा लिवा. तेवढा तरी."

अंकिताने चौकट सोडली. एक पाऊल दाराकडे टाकलं.

मी निब कागदावर टेकवलं. 'फ' मला येत होता. 'र' जोडायचा, 'ज' काढायचा, सगळं हाताला ठाऊक होतं. हात तयार होता आणि मामा बघत होते. माझ्या तोंडून 'हो' निघायच्या बेतात होतं, नेहमीसारखं.

"सावकाश लिहा बाबा," कुणीतरी म्हणालं. "घाई नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. अमरेश होता. कानापर्यंत लाल झालेला, मामांकडे न बघता माझ्या हाताकडे बघत होता. त्याने बघितलं होतं. हात चालतोय हे त्याला कळलं होतं.

मी निब उचललं. परत टेकवलं. परत उचललं. कागदाच्या वर हवेत मी एक लांबलचक 'फ' काढायला लागलो, त्याचं पोट, त्याची शेपटी, आणि शेपटीवरून परत पोटाकडे. हात थोडा कापवला. कपाळावरचा घाम पुसायला थांबलो. पुन्हा हवेत सुरुवात केली. आतून पोळी करपल्याचा वास आला.

"गुरुबसप्पा," मथुराबाई म्हणाल्या, "फिरीजचं पाणी पिऊन माजा घसा धरतुया. लई झालं. मला भूक लागलीया. उठ."

मामा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग टोपी घातली.

"नारळ हाय न्हवं लिवल्याला?" ते म्हणाले. "मंग करा सही."

मी डाव्या हाताने सही केली. इथे ती कशाशी जुळवायची नव्हती. अंकिता आत पळाली आणि आतून तिच्या आईला काहीतरी सांगून मोठ्याने रडल्याचा, मग हसल्याचा आवाज आला. अमरेश नखाने सतरंजीचा काठ कुरतडत बसला होता.

पंगत बसली. मामांना मानाने माझ्या शेजारी बसवलं होतं. हात मोडल्यापासून मी डाव्या हाताने चमच्याने जेवायचो, तसा चमचा उचलला, तर मामांनी माझं मनगट धरलं.

"पावणं, डाव्या हातानं जेवू नगा. आमच्यात चालत न्हाय."

आणि त्यांनी स्वतःच्या पानातली शेंगापोळी मोडली, तुपात बुडवली आणि घास माझ्या तोंडाशी आणला. चारचौघांत, पन्नाशी उलटलेला मी तोंड उघडून बसलो. लाज वाटली आणि पोळी गोड लागली. दुसरा घास मोडता मोडता मामा माझ्या कानाशी वाकले. त्यांचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"शेवटच्या कागदाला हात चांगला चालत हुता की तुमचा."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. मामांनी त्यात घास घातला.